कांताबाईच्या नावातली मोकळी जागा

दर वर्षी फाल्गुनात रामकिसन ढवळे जालन्याहून टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन वाटूरला परत यायचे, आणि दर वर्षी पुढचे दोन दिवस घरात त्यांच्याशी कोणी धड बोलायचं नाही.

टॉवेल-टोपी मिळायची ती 'उत्कृष्ट बीजोत्पादक' म्हणून. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीसाठी वाटूरची पन्नासेक घरं कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट करत, आणि त्यात पहिला नंबर ठरलेला ढवळ्यांचा. आता रामकिसन माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कपाशीच्या फुलाला त्यांनी जन्मात बोट लावलं नव्हतं. प्लॉट करायची त्यांची बहीण, कांताबाई. संध्याकाळी मादी झाडाची कळी सोलायची, आतले केसर नखानं अल्लाद काढायचे, खूण म्हणून लाल कागद अडकवायचा, आणि सकाळी नराचं फूल आणून त्या कळीला टेकवायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. भल्याभल्या बायांच्या हातून शंभरातल्या तीस-पस्तीस कळ्या गळून जातात. कांताबाईच्या हातून दहासुद्धा नाहीत. पण कंपनीच्या सत्काराच्या मांडवात स्टेजवर जायचे रामकिसन, टोपी घालून घ्यायचे रामकिसन, आणि खाली बायांच्या घोळक्यात बसून टाळ्या वाजवायची कांताबाई. रामकिसनांना बिचाऱ्यांना इतकं ओशाळं व्हायचं, की टोपी ते गाव यायच्या आधीच पिशवीत घालायचे.

याचं कारण कंपनीच्या कागदावरचा एक रकाना. बाईच्या नावानं प्लॉट घ्यायचा तर नाव, मग पतीचे नाव, मग आडनाव. कांताबाई पंचवीस वर्षांपूर्वी घनसावंगीकडचं सासर सोडून माहेरी आली होती. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि माहेरच्यांनी विचारलं नाही. नवऱ्यानं तिकडे दुसरा संसार मांडला. त्याचं नाव कागदावर घातलं तर हा बाबा उद्या प्लॉटवर हक्क सांगायला उगवेल, ही तिला धास्ती. बापाचं नाव घाल म्हटलं तर ती म्हणायची, "बापाला जाऊन वीस वर्षं झाली. आता त्याला कशाला प्लॉटवर राबवता?" मग वैतागून सगळे म्हणायचे, जाऊ द्या, रामकिसनचंच टाका. सलग आठ वर्षं असंच टाकलं गेलं.

शिवकन्या, रामकिसनांची मुलगी, हे लहानपणापासून बघत आली होती आणि तिला याचा भयंकर राग होता. बारावीनंतर तिचं लग्न उरकायची भाषा निघाली, तेव्हा आत्यानंच भावाला दटावून तिला जालन्याला कॉलेजात घातलं होतं. पोरगी कॉम्प्युटर शिकली आणि दोन हजार चार साली त्याच बियाणे कंपनीत नोकरीला लागली. एप्रिलमध्ये मॅनेजर शरदचंद्र साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "यंदापासून शेतकऱ्यांची नोंदणी रजिस्टरवर नाही, कॉम्प्युटरवर. तू फॉर्म बनव." तेव्हा तिनं मनात पहिला विचार कोणता केला असेल, ते सांगायला नको. फॉर्ममध्ये तिनं तिन्ही रकाने केले, पण मधल्या नावापुढे 'ऐच्छिक' असं लिहिलं. वाटलं तर भरा, नाही तर सोडा.

पण शिवकन्येनं श्रीपतीकाकांना हिशेबात धरलं नव्हतं.

श्रीपतीकाका हे कंपनीचे कारकून. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून रिटायर झालेले. अक्षर मोत्यासारखं, म्हणून साहेबांनी सात वर्षांपूर्वी ठेवून घेतलेले. टायपिंगचा हात असा की बघणाऱ्यानं बघत राहावं. माणूस लाखात एक, फक्त एक खोड होती. कोणत्याही कागदावर ते कोरी जागा सोडत नसत. लिहिण्यासारखं काही नसलं तर 'निरंक' लिहीत, इंग्रजी कागद असला तर 'निल', आणि दोन्हीला जागा नसली तर आडवी रेघ ओढत. घरच्या लग्नपत्रिकेवर 'आपले नम्र' याच्या खाली उरलेल्या जागेतही त्यांनी रेघ ओढली होती असं ऑफिसात म्हणत.

मे महिन्यातल्या एका सोमवारी चाचणी म्हणून वाटूरच्या दहा बायांना जीपनं बोलावलं. रामकिसनांनी सव्वा एकर बहिणीच्या नावे करून दिलं होतं, त्याचा कागद घेऊन कांताबाईही आली. काकांनी पटापट बोटं चालवली, प्रिंटर करकरला आणि कार्ड बाहेर पडलं. त्या दहांतल्या चतुराबाईला इंग्रजी अक्षरं थोडीबहुत लागायची. तिनं कार्ड उन्हाकडे धरून वाचलं: "कांताबाई... निल... ढवळे."

मग चतुराबाईच ओरडली, "अगं बया! कांते, नवा नवरा केलास अन् आमाला सांगितलं बी न्हाईस? निलराव म्हणं!"

"मंग काय झालं?" कांताबाई पदर सावरत म्हणाली. "बरा हाय. जेवाया मागत न्हाई, वरडत न्हाई, घरी बी येत न्हाई."

त्यानंतर जो हशा उठला तो गेटवरच्या वॉचमनपर्यंत गेला. शिवकन्येच्या तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पण जीपमध्ये चढताना आत्यानं ते कार्ड तिच्या हातात परत दिलं आणि हळूच म्हणाली, "शिवे, एवढ्या वर्षांनी माझं नाव छापलं, त्यात बी एक अनोळखी माणूस येऊन बसला बघ." शिवकन्येला फार वाईट वाटलं. चूक तिची नव्हती, तरी तिलाच अपराधी वाटत राहिलं.

साहेबांनी कार्ड बघितलं तेव्हा ते काही हसले नाहीत. "हा कचरा चालायचा नाही. नावाच्या जागी नावच आलं पाहिजे. शुक्रवारी नर-मादीच्या बियाण्याची पाकिटं वाटायची आहेत, आणि ज्याचं कार्ड त्यालाच पाकीट. तोवर फॉर्म बराबर झाला तर ठीक. नाही तर यंदाही जुन्या रजिस्टरवरून वाटू, तिथं असतील त्या नावांनी."

जुन्या रजिस्टरात नाव होतं रामकिसन ढवळे. म्हणजे शुक्रवारपर्यंत जमलं तर आत्याचा प्लॉट, नाही तर पुन्हा टॉवेल, टोपी, नारळ आणि घरातला दोन दिवसांचा अबोला.

मंगळवारी शिवकन्या कामाला बसली. रकान्यात लिहिलेला मजकूर नावासारखा दिसतो का, हे तपासणारी एक ओळ तिनं लिहिली. श्रीपतीकाका खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. निलरावांचं प्रकरण त्यांच्याही मनाला लागलं होतं, पण कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते.

"हे काय लिहून राह्यलीस?"

पडद्यावर होतं: ^[A-Za-z]+$

"हा नमुना आहे काका. ही सुरुवातीची टोपी दिसते ना, ती म्हणते, मजकूर इथून सुरू. शेवटचा डॉलर म्हणतो, इथं संपला. आणि मधे चौकोनी कंसात सांगितलंय की फक्त ए ते झेड अक्षरं चालतील, लहान नाही तर मोठी. आकडा, रेघ, टिंब काही नको. तसलं काही दिसलं की फॉर्म लाल पट्टी दाखवणार आणि पुढं जाऊ देणार नाही."

काकांनी आडवी रेघ टाइप करून बघितली. लाल पट्टी आली. "वा," ते म्हणाले. मग त्यांनी 'निल' टाइप केलं. लाल पट्टी काही आली नाही. निलराव रुबाबात आत गेले.

'निल' ही इंग्रजीतली तीन अक्षरंच की! शिवकन्येनं कपाळाला हात लावला आणि 'निल' अडवणारी आणखी एक ओळ घातली. काकांनी इंग्रजी अक्षरांत 'निरंक' टाइप केलं. गेलं. तिनं निरंक अडवलं. काकांनी 'नाही' घातलं. तिनं तेही अडवलं. मग काकांना चेवच चढला. सदतीस वर्षांच्या कारकुनीतला एकेक शब्द ते बाहेर काढू लागले: 'लागू नाही', 'सदर', 'वरीलप्रमाणे'. दोन शब्द असले की मधल्या मोकळ्या जागेमुळे लाल पट्टी यायची, तर काका ते जोडून लिहायचे. दुपारच्या चहापर्यंत शिवकन्येची अडवायच्या शब्दांची यादी हातभर झाली होती आणि काका पोरासारखे खूश होते. शेवटी त्यांनी चष्मा वर सरकवला आणि ठसक्यात टाइप केलं: 'श्रीपती'.

फॉर्मनं मुकाट्यानं घेतलं.

"बघ," काका म्हणाले, "झालो का आता मी तुझ्या आत्याचा नवरा?"

शिवकन्या इतकी हसली की चहा टेबलावर सांडला. पण चहा पुसता पुसता ती थबकली. काकांनी गमतीत नेमकं दुखणं दाखवलं होतं. लिहिलेली अक्षरं आहेत का, एवढंच यंत्राला कळणार. त्या अक्षरांचा माणूस खरा आहे का, तो या बाईचा कोण लागतो, हे त्याला कुठला नमुना सांगणार? तिनं ती हातभर यादी एका दमात खोडून टाकली. शब्द अडवायचे तरी किती? त्यापेक्षा रिकामं सोडायचा रस्ता उघडा ठेवावा. भरलं तर नीट भरा. भरायचं नसेल तर सरळ रिकामं जाऊ द्या.

इथवर छान झालं. गुरुवारी सकाळी तिनं मधला रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं, आणि लाल पट्टी आली.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. रकान्यापुढे 'ऐच्छिक' असं लिहिलेलं, रकान्यात काही नाही, आणि तरी फॉर्म म्हणतोय, चूक आहे! तिनं बाकीचे रकाने तपासले, बटणामागची ओळ न् ओळ वाचली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुपार झाली तरी तेच. उद्या शुक्रवार. काकांनी जुनं रजिस्टर कपाटातून काढून टेबलावर आणून ठेवलं होतं. त्यांच्या मनात काही नव्हतं, तयारी म्हणून ठेवलं होतं, पण तिला त्याच्याकडे बघवेना.

मग तिनं तीच ओळ कागदावर मोठ्या अक्षरात उतरवली आणि एकेक चिन्हावर बोट ठेवत, मंगळवारी काकांना सांगितली तशी मोठ्यानं म्हणू लागली. टोपी, इथून सुरू. कंस, ए ते झेड. अधिक... अधिकपाशी बोट थांबलं. अधिक म्हणजे अशी अक्षरं एक किंवा जास्त. म्हणजे निदान एक तरी पाहिजेच! फॉर्मवर तिनं माणसांसाठी लिहिलं होतं, वाटलं तर भरा. आणि यंत्राला आतून सांगून ठेवलं होतं, भरल्याशिवाय सोडू नकोस. कंपनीच्या जुन्या कागदापेक्षा काय वेगळं केलं होतं तिनं?

तिनं अधिक काढलं आणि तिथं चांदणी (*) घातली. चांदणी म्हणजे कितीही, अगदी शून्यसुद्धा. रिकामा रकाना, बटण. गेलं! कुठलंसं नाव म्हणून 'रखमाजी' घातलं, गेलं. आडवी रेघ, लाल. आकडे, लाल. पुन्हा रिकामा. गेलं! "काका!" ती एवढ्यानं ओरडली की साहेब केबिनमधून बाहेर आले. एका चिन्हाचा तर फरक. त्या एवढ्याशा चांदणीकडे बघून तिला जो आनंद झाला तो कॉलेजच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

शुक्रवारी गेटबाहेर जीपा आणि टेम्पो लागले. फॉर्म भरायला साहेबांनी काकांनाच बसवलं, कारण त्यांच्यासारखा वेग कुणाचाच नव्हता. रांग सरसर पुढे सरकत होती. चतुराबाईचं कार्ड निघालं, पाकिटं मिळाली. मग कांताआत्या समोर येऊन बसली. निळं इरकल नेसली होती, ठेवणीतलं. तिच्या मागे रामकिसन उभे होते, बहिणीपेक्षा जास्त घाबरलेले.

काकांनी नाव टाइप केलं. मधल्या रकान्यात आले आणि त्यांचा हात थांबला. मग एक बोट सवयीनं खाली गेलं आणि पडद्यावर 'एन' उमटला.

"काका," शिवकन्या म्हणाली, "रिकामं सोडा ना. आता चालतं."

"फॉर्मला चालतं गं." काकांनी बोटं मागे घेतली आणि चष्मा काढून पुसला. "मला न्हाई चालत. नोकरीला लागलो त्याच वर्षी एका म्हातारीच्या कागदावर मी एक ओळ कोरी सोडली होती. महिन्यानं बघतो तर त्या ओळीत भलत्याच माणसाचं नाव. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, काही कळलं नाही. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तू रेघ का न्हाई ओढलीस? तेव्हापासून..." त्यांनी पडद्यावरच्या 'एन'कडे बोट दाखवलं. "तुझ्या आत्याच्या नावात मी भोक ठेवू आणि उद्या त्यात कोणीतरी येऊन बसू दे? बिलकुल न्हाई."

काकांची ती खोड ऑफिसात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. शिवकन्येनंही कमी चेष्टा केली नव्हती. तिला एकदम त्यांची माया आली.

ती वाकली आणि तिनं चतुराबाईची जमा झालेली नोंद पडद्यावर आणली. "काका, हिच्या नावात एक अक्षर वाढवून दाखवा."

काकांनी रकान्यावर टिचकी मारली. काही झालं नाही. कळ दाबली, जोरात दाबली, दोन बोटांनी दाबली. रकाना ढिम्म.

"कागदावरच्या कोऱ्या जागेत कोणीही लिहितं," शिवकन्या म्हणाली. "इथं एकदा जमा केलं की दार बंद. तुम्हाला लिहिता येत नाही, मलाही नाही, साहेबांनाही नाही. रिकामं जमा केलं तर ते रिकामंच राहतं."

कांताआत्या इतका वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हंजे घनसावंगीवाला आला तरी?"

"आला तरी."

"वकील घेऊन आला तरी?"

"तहसीलदार घेऊन आला तरी, आत्या."

काकांनी चष्मा लावला. कांताबाईचं अर्धवट नाव परत पडद्यावर आणलं, तो 'एन' खोडला, रिकाम्या रकान्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि पुढच्या रकान्यात गेले. त्या म्हातारीच्या कागदानंतर पहिल्यांदा त्यांनी एक जागा कोरी सोडली. आडनाव घातलं, बटण दाबलं. लाल पट्टी आली नाही. रामकिसनांनी हातातली टोपी उगाचच झटकून डोक्यावर घातली.

कार्ड बाहेर पडलं. शिवकन्येनं उचललं आणि जीभ चावली. 'कांताबाई' आणि 'ढवळे' यांच्यामध्ये हे एवढं अंतर पडलं होतं. मधलं नाव नसलं तरी प्रिंटरनं त्याची जागा धरून ठेवली होती. "थांब आत्या, ही फट घालवते, दोन मिनिटांचं काम आहे." काकांचा तर हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला. एवढी मोकळी जागा, निदान एक बारीकशी रेघ?

आत्यानं झटकन त्या जागेवर अंगठा ठेवला. कळ्या सोलून नखाची कड झिजलेला तो अंगठा त्या फटीवर बराबर बसला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली, जो तो तिथं कुणाला तरी आणून बसवून राह्यला. आता कुणी नको. तेवढी जागा माझी."

काकांनी पेन पुन्हा खिशाला लावलं.

त्या पावसाळ्यात आत्याचा प्लॉट कसा झाला हे वाटूरला कुणालाही विचारा. फाल्गुनात कंपनीच्या मांडवात नावं वाचायला श्रीपतीकाका माइकवर उभे होते. "उत्कृष्ट बीजोत्पादक, प्रथम क्रमांक," ते म्हणाले, "कांताबाई." मग थांबले. यादीतही ती फट तशीच होती. काकांनी ती घाईनं ओलांडली नाही, चांगली दोन श्वासांची जागा सोडली, आणि मग मोठ्यानं म्हणाले, "ढवळे!"

आत्या स्टेजवर चढली. साहेबांनी नारळ दिला, टॉवेल दिला, आणि टोपी हातात घेऊन ते घुटमळले. बाईला टोपी घालायचा प्रसंग कंपनीवर कधी आलाच नव्हता.

"घाला की," आत्या म्हणाली, आणि पदरासकट डोकं वाकवलं.

टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या, पण पहिली टाळी रामकिसनांची होती आणि शेवटचीही. चतुराबाई शिट्टी वाजवायला शिकली होती हे मांडवाला त्या दिवशी कळलं. शिवकन्या खाली बसून हसत होती, रडत होती, आणि शेजारच्या बाईला सांगत होती की ती माझी आत्या आहे. परतीच्या जीपमध्ये आत्यानं टॉवेल भावाच्या खांद्यावर टाकला, नारळ शिवकन्येच्या ओटीत घातला. टोपी मात्र तिनं वाटूर येईपर्यंत डोक्यावरून उतरवली नाही.